अकरा तारखेची नोंद

पाणी उकळलं तेव्हा मला चुलीपुढे सरळ बसवतही नव्हतं. तीन दिवस तापानं फणफणत होतो. तरी पाऱ्याची नळी उकळत्या पाण्यावर धरली, डोळे बारीक करून आकडा पाहिला आणि वही मांडीवर ओढून लिहिलं: ११ मार्च, सकाळचे सात, केळवंडी, दोनशे सहा अंश फॅरनहाइट. अक्षर वळणदार आलं. तशा अवस्थेतही मला त्याचं समाधान वाटलं.

ठमाजी डगळे समोर उकिडवा बसून माझा उद्योग पाहत होता. डोंगर जितका उंच तितकं पाणी लवकर उकळतं आणि त्यावरून उंची काढता येते, हे मी त्याला चार महिन्यांत दहा वेळा तरी समजावलं असेल. त्याला ते पटत नसे. उंची कळायची तर चढून बघावं, दम किती लागतो त्यावरून कळतं, असं त्याचं म्हणणं. त्या सकाळी मात्र त्यानं वाद घातला नाही. माझ्या कपाळाला हात न लावता, नुसतं जवळ येऊन तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "राव, हितं ऱ्हायलात तर जाल."

ही गोष्ट जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची, कोळ्यांच्या बंडाच्या दिवसांतली. मी भिकाजी कर्णिक, पेणचा. सर्व्हे खात्यात मोजणीदार होतो. वय सव्वीस आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं. माझ्याकडे काम होतं ते कोकणातून पठारावर चढणारी प्रत्येक वाट मोजायची आणि तिची प्रत ठरवायची: तोफ जाईल, लादलेला बैल जाईल, की नुसता माणूस. नकाशावर जी वाट येईल तिच्या तोंडाशी पलटणीची चौकी बसणार होती. राया नावाचा बंडवाला वरच्या रानात होता. पठारावरच्या गावांचं मीठ-तांदूळ तोडलं की गावं आपण होऊन त्याला काढून देतील, असा आमच्या हॅलम साहेबांचा अंदाज. केळवंडीच्या चाळीस घरांनी वर्षभरात रायाचं तोंडही पाहिलं नव्हतं. हे मला ठमाजीनं सांगितलं होतं, पण ते वहीच्या कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

आम्ही चार माणसं होतो आणि आमच्या चुली चार. साखळी धरणारे दोघे खलाशी, शेख इमाम आणि गोंदा, आपापलं शिजवत. मी माझा भात वेगळा लावी. पेणला आमच्या घरी एका पंगतीला पंधरा पानं, त्यामुळे एकट्यानं जेवायची मला सवय नव्हती. पहिले काही दिवस निम्मा भात तसाच उरे. घरी पत्र लिहावं तर ते थोरल्या भावाच्या नावे जाई आणि ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जाई. त्यात बायकोला काय लिहिणार? प्रकृती ठीक आहे, हवा थंड आहे, एवढंच लिही. ती आत दाराआड उभी राहून ऐकत असेल, असं मनात येई आणि मग मी हवेबद्दल आणखी एक ओळ घाली.

ठमाजी साठीचा असावा. त्याला स्वतःला आपलं वय ठाऊक नव्हतं. केळवंडीचाच, महादेव कोळी. वाटाड्या म्हणून मीच त्याला परस्पर ठेवून घेतला होता, त्याचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. संध्याकाळी तो आपली भाकरी घेऊन माझ्या चुलीपासून दोन हात लांब बसे आणि बोलत राही. हिरड्याचा मोहर कधी येतो, कुठल्या कड्यावर मधाची पोळी लागतात, त्याची लेक येसू लहानपणी रानात कशी हरवली होती. चार महिने माझ्याशी आकड्यांशिवाय दुसरं काही बोलणारा तो एकटाच होता. मी त्याला 'ठमाजी' म्हणून एकेरी हाक मारी आणि तो मला 'राव' म्हणे. पण कधी त्याला यायला उशीर झाला तर मी भात झाकून त्याची वाट बघत बसे.

तर त्या सकाळी माझं तापावरचं कोयनेल संपलेलं होतं. डॉक्टर होते ते खाली कोकणात, पळसपाड्याच्या छावणीत. मोठ्या घाटानं तिथं जायला दोन दिवस. बैलावर बांधून नेलं तर हा माणूस वाटेतच आटोपेल, असं इमाम गोंद्याला हळूच सांगत होता आणि मला ते ऐकू येत होतं. ठमाजीनं दोघांना तंबू नि बैल घेऊन मोठ्या घाटाकडे पुढं घातलं, मी रावांना दमादमानं आणतो म्हणाला. ते वळणाआड गेले तसं त्यानं नळी नि वही ठेवलेली माझी झोळी खांद्यावर टाकली आणि मला उलट्या दिशेला, कड्याकडे वळवलं.

त्या बाजूनं वाट नाही, हे मी महिन्यापूर्वीच नकाशावर लिहून टाकलं होतं. गावातल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी मला तसंच सांगितलं होतं, आणि त्यात ठमाजीही होता.

करवंदीच्या जाळीतून ओणवं होऊन गेलं की कड्यात एक चीर होती. त्यात पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या, मधे एक वेळूची शिडी, मग पुन्हा खोबण्या. ठमाजीनं डोक्याचं मुंडासं सोडून माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. मी कुठं पाय ठेवावा ते तो खालून माझी टाच धरून सांगे. मला हात लावायला तो एरवी कचरत असे. त्या दिवशी त्यानं मला पाठीवरसुद्धा घेतलं. त्याच्या मानेच्या घामाचा वास मला आजही आठवतो, आणि आपण आता मरत नाही अशी त्या वासासरशी वाटलेली खात्रीही.

अर्ध्यावर खालून बायका येताना दिसल्या. आठ-दहा जणी, डोक्यावर मिठाच्या नि तांदळाच्या पाट्या, एका हातानं कडा धरलेल्या. मला पाहताच त्या जागच्या जागी थांबल्या आणि कड्याला चिकटून उभ्या राहिल्या. पुढची येसू होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "जीव जात हुता त्येंचा." तिनं मान हलवली आणि आम्हाला वाट देण्यासाठी पाटी सांभाळत आणखी आत सरकली.

खाली सपाटीवर आल्यावर ठमाजीनं मुंडासं सोडून पुन्हा डोक्याला गुंडाळलं. मग विचारलं, "राव, ही वाट कागदावर येनार न्हाई न्हवं? बाकी समद्या वाटांवर चौक्या बसल्यात. मीठ-तांदूळ येतंय त्ये हितनंच. ह्ये तोंड बंद झालं तर केळवंडीचं काय खरं न्हाई."

मी म्हणालो, "नाही येणार." शपथ घ्यायलाही तयार होतो. बेलभंडार उचलतो म्हणालो तर तो हसला. शपथ नको, तुम्ही कधी खोटं लिहीत नाही हे मी बघितलंय, म्हणाला. मला छावणीच्या कुंपणापाशी सोडून तो परत चीर चढून गेला.

मी छावणीत शिरलो आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी पाणी उकळायला ठेवलं. मुक्कामी पोचलं की पहिलं काम ते, ही चार महिन्यांची सवय. ११ मार्च, दुपारचे साडेतीन, पळसपाडा, दोनशे अकरा. मग आडवा झालो. डॉक्टरांनी बरंच फैलावर घेतलं म्हणतात, मला आठवत नाही. इमाम आणि गोंदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. मी आधी कसा पोचलो हे त्यांनी विचारलं नाही.

एप्रिलात जुन्नरला आम्ही नकाशा पक्का करायला बसलो. कड्यावर मी पेन्सिलीनं पूर्वी लिहिलं होतं 'वाट नाही', त्याच्यावरून शाई फिरवली. हात जरासुद्धा अडखळला नाही. दिलेला शब्द पाळत होतो, शिवाय माझी आधीची नोंद होती तशीच राहत होती. मला तर त्या दिवसांत स्वतःचा अभिमानच वाटत होता.

हॅलम साहेब मराठीची परीक्षा उतरलेले होते. आमच्यापेक्षा शुद्ध बोलत आणि कधी आवाज चढवत नसत. त्यांना आकडे जुळवायचा नाद होता. नकाशा पुरा झाला की ते मोजणीदाराची वही मागून घेत आणि दोन-दोन दिवस ओळीनं वाचत. चूक सापडली की तांबड्या शाईनं दुरुस्त करत. कचेरीत बाकी सगळ्यांच्या वह्या तांबड्या झालेल्या. माझ्या वहीत एवढ्या दिवसांत तांबडा ठिपका नव्हता, आणि हे सगळ्यांना माहीत असावं याची मी काळजी घेतली होती.

त्यांनी मला मेजापाशी बोलावलं. वही उघडी होती.

"कर्णिक, अकरा तारखेला सकाळी सात वाजता तुम्ही केळवंडीला होता."

"होय साहेब."

"आणि अकरा तारखेलाच दुपारी साडेतीनला पळसपाड्याला."

नकाशावर वाट काढली नव्हती, पण वही माझ्या डोक्यातच आली नव्हती. वहीत खोटं लिहायचं असतं हे मला सुचण्यासारखं नव्हतं.

साहेब रागावलेले नव्हते. "मोठ्या घाटानं दोन दिवस लागतात," ते म्हणाले. "तुम्हाला ताप होता. तापात तारीख कुणाचीही चुकते. मी इथे बारा करतो." आणि त्यांनी लेखणी तांबड्या शाईत बुडवली.

मला काही करावं लागणार नव्हतं. होय म्हणावंही लागणार नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. एक आकडा बदलला असता, साहेबांनी पान उलटलं असतं. मला हे सगळं त्या क्षणी कळत होतं. येसू कड्याला चिकटून उभी असलेली मला दिसत होती. पण शेजारच्या मेजांवरच्या माना वर झाल्या होत्या, आणि लेखणीच्या टोकावरचा तांबडा थेंब माझ्या पानावर उतरत होता.

मी म्हणालो, "नाही साहेब. माझी तारीख चुकत नाही."

त्यांनी लेखणी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्ही खाली कसे आलात?"

अर्ध्या तासात ती वाट नकाशावर होती. चीर कुठून सुरू होते, खोबण्या किती, शिडी केवढी, सगळं मी सांगितलं, आणि खोटं काहीच सांगितलं नाही. साहेब कर्कटकानं अंतर घेत होते. मधेच 'सुंदर' म्हणाले. कुणी दाखवली हे त्यांनी विचारलं नाही, त्यांचं लक्ष रेषेत होतं. शेवटी त्यांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. सांगायला लाज वाटते, पण ती थाप मला त्या वेळी गोड लागली.

चौकी बसवण्याची जागा दाखवायला अर्थात मलाच पाठवलं. हवालदार जगदाळे आणि बारा शिपाई. चिरेच्या तोंडाशी राहुट्या पडल्या, शिडी काढून जाळली. माझं काम एका दिवसाचं होतं, पण चौकीचा तपशीलवार आराखडा करून पाठवा असा हुकूम आला, म्हणून तीन आठवडे तिथंच राहिलो. शिपाई आपसात बोलत, माझ्याशी कामापुरतं. मी माझा भात लावी आणि संध्याकाळी कड्याकडे पाहत बसे. वरून कधी धूर दिसे, कधी दिसत नसे. येसूच्या घरात आज काय शिजलं असेल हा विचार मी मनात येऊ देत नव्हतो. तरी तो यायचाच.

बाविसाव्या दिवशी दुपारी ठमाजी आला. चिरेतून आला नाही, मोठ्या घाटानं दोन दिवस चालत, रिकाम्या हातानं आला. शिपायांनी त्याला अडवून झडती घेतली आणि सोडलं. तो निम्मा झाला होता. मी त्याला राहुट्यांपासून लांब, एका शेताच्या बांधावर नेलं. पाणी दिलं ते त्यानं घेतलं.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. गावात वीस दिवस मीठ नाही. लेकरं अळणी पेज तोंडात घेत नाहीत, आणि पेजेला नागली तरी कुठवर पुरणार. दोन म्हातारी माणसं गेली. आणि गावानं बैठक घेऊन येसूच्या नवऱ्याला, भिवाला, वाळीत टाकलं होतं. भिवा हिरडा विकायला जुन्नरच्या बाजारात जातो, त्यानंच वाट फोडली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. आता त्याला कुणी विस्तव देत नाही, येसूला पाणवठ्यावर येऊ देत नाहीत.

"म्या लई सांगितलं, भिवा तसा न्हाई," ठमाजी म्हणाला. "तर म्हनत्यात मग कोन? त्यो कारकून? म्या म्हनलं, त्यो न्हाई. त्येनं सबुद दिलाय. म्हून आलो. राव, तुमी कचेरीतलं मानूस. कुनी सांगितलं त्ये तुमाला ठावं आसंल. नाव सांगा, मंजी भिवा सुटंल."

मी त्याला सगळं सांगितलं. वहीची गोष्ट, एकाच तारखेच्या दोन नोंदी, तांबडी शाई, साहेब काय म्हणाले आणि मी काय म्हणालो. त्याच्याकडे न पाहता सांगितलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, आणि त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं.

"मंजी सायेब सोताच म्हनला, तारीख चुकली आसंल," तो म्हणाला.

"हो."

"आन् तुमी म्हनला, न्हाई."

"हो."

तो रागावला नव्हता, त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. पाणी कधी उकळतं हे मी इतकं का बघतो, असं विचारायचा त्याच स्वरात त्यानं विचारलं, "राव, येक दिस हिकडचा तिकडं झाला आसता, तर काय झालं आसतं?"



मी तुझ्याबरोबर वर येतो, गावापुढे उभा राहतो, भिवाचा काही दोष नाही म्हणून सांगतो, असं मी म्हणू लागलो. त्यानं हातानं थांबवलं.

"तुमचं आता कोन ऐकंल? म्याच सांगतो. वाट म्या दावली, तितनंच फुटली, खरंच हाय त्ये."

"मग तुला वाळीत टाकतील, ठमाजी."

"टाकत्याल. भिवाची लेकरं ल्हान हायेत."

तो उठला. तेवढ्यात जगदाळे बांधावरून आमच्याकडे येताना दिसले. त्यांच्याकडे जुन्नरहून आलेला एक हुकूम होता, तो मी स्वतःच त्यांना वाचून दाखवला होता: ज्या कोळ्याला ही वाट आधीपासून ठाऊक असून त्यानं ती सरकारपासून लपवली, तो सापडल्यास धरून पाठवावा. पाठवलेल्या माणसांपैकी कुणी परत आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

जगदाळ्यांनी ठमाजीला खालीवर न्याहाळलं. "कर्णिक, बराच वेळ बोलणं चाललंय. तुम्हाला वाट दाखवणारा तो हाच का?"

आयुष्यात मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो. लपवलं होतं, पण बोललो नव्हतो. त्यामुळे ते इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. मी जगदाळ्यांच्या डोळ्यांत बघून, आवाज जराही हलू न देता म्हणालो, "छे. याला मी आज पहिल्यांदाच पाहतोय. मीठ मागायला आला होता."

जगदाळे ठमाजीकडे वळले. "काय रे, हे खरं? यांना ओळखत नाहीस तू?"

ठमाजीनं माझ्याकडे पाहिलं. चार महिने तो माझ्या चुलीपासून दोन हातांवर बसला होता. मला पाठीवर घेऊन कडा उतरला होता. तो शांतपणे म्हणाला, "आदी वाटलं हुतं वळखीचं हायेत. न्हाईत."

आणि मुंडासं नीट करून तो मोठ्या घाटाच्या रस्त्याला लागला.